डॉक्टर हाफकिन आणि जखमेचा दाह

मुंबईस परळ येथे हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची प्रख्यात संस्था आहे. सर्पविषावरील औषधाच्या व लसींच्या निमित्ताने तिचे नाव खेड्यापाड्यांतील पुष्कळांच्या कानी आले असेल. परंतु ज्या पुरुषाचे नाव तिला दिले आहे तो कोण, व आपल्या लोकांकरिता त्याने काय सोसले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्याचे चरित्र समजले असता जखमेस सूज का येते व अंगात ताप का भरतो, हेही आपोआप समजते. म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म १८६० साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तेथे त्यांस मेचनिकोव्ह नावाचे थोर गुरू लाभले. पुढे धर्म बदलला तर अध्यापकाची जागा मिळेल अशी स्थिती असताही त्यांनी ते मान्य केले नाही. मायदेश सोडून १८८९ च्या सुमारास ते पॅरिस येथील पाश्चर ह्यांच्या संस्थेत गेले, आणि आरंभी तेथे ग्रंथपालाच्या हाताखालचे साधे काम त्यांनी पत्करले.

गुरू मेचनिकोव्ह ह्यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे समुद्रकाठी एक प्रयोग केला होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्यांनी एक बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! घरात चोर शिरताच वाडीतील माणसे काठ्या घेऊन धावावी, तशा त्या पेशी परक्या वस्तूवर धावून आल्या होत्या. ह्या शोधाबद्दल मेचनिकोव्ह ह्यांस १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

मनुष्याच्या देहातही हेच घडते. पालघरकडे आवणीच्या दिवसांत पायात काटा मोडतो, सातपाटीच्या कोळ्याच्या हातात माशाचा काटा शिरतो, बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पत्र्याने बोट कापते. तत्क्षणी त्या जागच्या पेशी काही द्रव्ये सोडून हाक देतात. त्यायोगे बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात व तेथे रक्त अधिक येते. म्हणून जागा लाल व ऊन होते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातील पाणी बाहेर झिरपते; ती सूज होय. मज्जातंतू चेतवले जातात. तो ठणका होय. काही तासांतच रक्तातील पांढऱ्या पेशी भिंतीतून बाहेर निसटून जंतूंस गिळू लागतात. त्यांपैकी ज्या मरतात त्यांचा पू बनतो. मागाहून दुसऱ्या मोठ्या पेशी येऊन मेलेले मांस साफ करितात व नवे मांस भरून येण्यास वाट करून देतात. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येते, तेही ह्याच लढाईचे एक ठाणे होय. ह्या सर्व क्रियेस दाह म्हणतात. तिचा निरोप रक्तावाटे मेंदूस पोचला म्हणजे ताप येतो.

आता हाफकिन ह्यांच्याकडे वळू. त्यांनी पटकीची लस सिद्ध करून १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले व त्यांनी हजारो लोकांस ती लस टोचली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो विएगस ह्यांनी प्लेग ओळखला, आणि ऑक्टोबरात सरकारने हाफकिन ह्यांस मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडून त्यात ते प्लेगाचे जंतू वाढवीत, व नंतर ऊन देऊन त्यांस मारीत. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, पण शरीराचे पहारेकरी शत्रूचे तोंड ओळखून ठेवितात.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली, व तीही पुढे इतरांस दिली त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात. त्यांस ताप चढला, टोचलेली जागा सुजून दुखू लागली, आणि मग सर्व आपोआप ओसरले. तो ताप प्लेगाचा नव्हता. शरीर जागे झाल्याची ती खूण होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांस लस दिली गेली, आणि टोचलेल्यांत प्लेग फार कमी झाल्याचे दिसले. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी घोर संकट कोसळले. पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढे पुरावा तपासता असे दिसले की, बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध केला गेला नव्हता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरिली, आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा कलकत्त्यास येऊन निवृत्त होईपर्यंत काम करीत राहिले, पण पाच वर्षांची मानहानी भरून निघाली नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते निवर्तले.

वाचकहो, ह्या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानी धरण्याजोग्या आहेत. पहिली ही की, धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात राहतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. तेथे सूज फारशी दिसत नाही, तरी विष अंगात भिनते. म्हणून लहानशी जखमही स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, तिजवर शेण-माती लावू नये, आणि धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

दुसरी ही की, दाह हा मूळचा आपला सेवक आहे. अगदी स्वच्छ शस्त्रक्रियेनंतरही टाक्यांभोवती दोनतीन दिवस थोडी सूज व लाली असते, कारण कापलेले मांस दुरुस्त व्हावयाचे असते. ती दिवसेंदिवस उतरली पाहिजे. उलट ती वाढू लागली, पू आला, लाल रेघ वर चढू लागली, हुडहुडी भरली, धाप लागली किंवा रोगी असंबद्ध बोलू लागला, तर सेवक आवरेनासा झाला असे समजावे. तेव्हा दाह साऱ्या देहात पसरून रक्तदाब उतरतो व जीव धोक्यात येतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रोग्यास त्याच रात्री दवाखान्यात न्यावे.