ला रोशेलचा नगराध्यक्ष

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल नावाचे बंदर आहे. झाँ गितों याचा जन्म तेथे इ. स. १५८५ मध्ये झाला. तो जहाजांचा मालक व कुशल दर्यावर्दी होता. इ. स. १६२२ मध्ये त्याने नगराच्या आरमाराचे नेतृत्व करून राजाच्या आरमाराशी झुंज दिली.

त्या काळी फ्रान्समध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट या ख्रिस्ती पंथांत दीर्घ वैर होते. इ. स. १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजाने नांत येथे आज्ञापत्र काढून प्रॉटेस्टंटांना उपासनेची मोकळीक व काही तटबंदीची नगरे दिली. ला रोशेल हे त्यांचे बळकट ठाणे. परंतु हेन्रीचा पुत्र तेरावा लुई व त्याचा प्रधान रिशल्यू यांना हे नगर राज्यात दुसरे राज्य वाटे. उलट, तट गेला की धर्मही जाईल, अशी नगरवासीयांना धास्ती होती.

इ. स. १६२७ मध्ये राजाच्या सैन्याने नगराला वेढा घातला. इंग्लंडचे साहाय्य समुद्रमार्गे येई. म्हणून रिशल्यूने बंदराच्या तोंडाशी दगडांनी भरलेली जहाजे बुडवून सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध घातला.

एप्रिल १६२८ मध्ये नगरवासीयांनी गितोंला नगराध्यक्ष निवडले. त्या वेळी त्याने सभागृहातील मेजावर खंजीर ठेवला व शरणागतीचे नाव काढील त्याच्या छातीत तो खुपसला जाईल असे बजावले, अशी आख्यायिका आहे. त्या वर्षी इंग्रजांचे आरमार दोनदा आले, पण बांध ओलांडता न आल्याने परत फिरले. नगरातील धान्य संपले. लोकांनी घोडी, कुत्री, मांजरे खाल्ली. अखेर कातडेही उकळून खाल्ले. रस्त्यांत प्रेते पडू लागली, तरी गितों डगमगला नाही.

२८ ऑक्टोबर १६२८ रोजी नगर शरण आले. वेढ्यापूर्वी तेथे सुमारे सत्तावीस हजार लोक होते. त्यांपैकी जेमतेम पाच हजार उरले होते. १ नोव्हेंबरला राजाने नगरात प्रवेश केला. त्याने तट पाडविले आणि नगराचे अधिकार काढून घेतले. मात्र लोकांना जीवदान दिले व त्यांची उपासना चालू ठेवू दिली. गितोंला काही काळ नगराबाहेर घालविण्यात आले. पुढे त्याच रिशल्यूच्या कारकिर्दीत तो राजाच्या आरमारात दाखल झाला व स्पेनशी लढला. इ. स. १६५४ मध्ये तो निवर्तला.

नगरवासीयांची धास्ती मात्र निराधार नव्हती. इ. स. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचे आज्ञापत्रच रद्द केले आणि लक्षावधी प्रॉटेस्टंटांना देश सोडावा लागला. आज ला रोशेलच्या नगरभवनासमोर गितोंचा पुतळा उभा आहे. त्याच्या धैर्याचे स्मरण करताना, त्या धैर्याचे मोल ज्यांनी प्राण देऊन चुकते केले, त्या हजारो अनाम स्त्रीपुरुषांचे व मुलांचेही स्मरण करणे उचित होय.