गुडघ्यांची काळजी करणारा वेलोसियो

पॉल द विव्ही यांचा जन्म १८५३ सालचा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न गावचा. व्यवसाय रेशमाचा. सायकलवर ते पहिल्यांदा बसले ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढे रेशीम सुटले, सायकल सुटली नाही. सेंट-एतिएन शहरात त्यांनी सायकलींचे दुकान थाटले आणि १८८७ पासून एक नियतकालिकही चालवले. त्यातले त्यांचे टोपणनाव होते वेलोसियो. आज सायकलस्वारांमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

शहराबाहेर ११६१ मीटर उंचीचा कोल द ला रेपुब्लिक हा घाट आहे. तो चढताना एका तरुणाने त्यांना सहज मागे टाकले, तेही तोंडात पाईप धरून, असे सांगतात. ताकद वाढवावी की यंत्र सुधारावे? वेलोसियोंनी यंत्र निवडले. पुढे दोन दातेरी चक्रे बसवली. चढ आला की खाली उतरायचे, हाताने चेन लहान चक्रावर टाकायची आणि पुन्हा निघायचे. मग गिअर वाढत गेले.

यात शरीराचा फायदा कोणता? पुढे ४४ दाते आणि मागे ११ असतील तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक चारदा फिरते. मागे २२ दात्यांचे चक्र लावले की दोनदाच. त्याच चढावर पायडलवरचा जोर निम्मा होतो; तोच वेग राखायचा तर फेऱ्या मात्र दुप्पट माराव्या लागतात. म्हणजे काम तेवढेच, पण गुडघ्याच्या वाटीमागचा दाब बराच उतरतो आणि दमछाक हृदय-फुप्फुसांच्या वाट्याला येते. निरोगी हृदय काही मिनिटांत सावरते. झिजलेली कूर्चा सावरत नाही.

टूर द फ्रान्सचे जनक हेन्री देग्रांज यांना हे पटले नाही. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, असे त्यांचे मत. त्यांच्या शर्यतीत खेळाडू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चक्रे लावत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाकच उलटे करून बसवत. गिअरबदलाची बंदी तिथे १९३७ साली उठली. टोमणा बाजूला ठेवला तर देग्रांज अर्धे बरोबर होते: चाळिशीनंतर घाट चढणाऱ्यांना हलका गिअर हवाच. आजचा मेकॅनिक मागच्या कॅसेटचे लॉकरिंग सोडतो, २८ दात्यांच्या मोठ्या चक्राच्या जागी ३२ किंवा ३४ चे बसवतो आणि गरज पडल्यास चेनही लांब करतो. दुखऱ्या गुडघ्यावर गोळी घेण्याआधी हा खर्च करून पाहावा.

वेलोसियो शाकाहारी होते. लांब पल्ल्यावर मद्य-तंबाखू टाळावी, भूक लागण्याआधी थोडे खावे, थकून कोसळेपर्यंत जाऊ नये आणि केवळ प्रौढीसाठी पायडल मारू नये, हे त्यांचे नियम आजही चालतील. तहानेआधी पाणी प्यावे, हा नियम मात्र जपून पाळावा. तासन्‌तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते.

१९३० साली, सेंट-एतिएनच्या रस्त्यावर सायकल हाताने ढकलत चालले असताना त्यांना ट्रामची धडक बसली. त्यातच ते गेले. त्यांच्या त्या घाटावर आता त्यांचे स्मारक आहे.