लिओनार्ड नून आणि मात्रेचा हिशेब

काट्याने काटा काढावा, असे आपण सहज म्हणून जातो. पण तो काटा किती बारीक असावा, हे सांगणारा विरळा. ॲलर्जीच्या बाबतीत ते काम लिओनार्ड नून या इंग्रज डॉक्टरांनी केले. वावड्यातून उद्भवणाऱ्या दम्यावर, ज्या पदार्थाचे वावडे त्याचीच अल्प मात्रा इंजेक्शनाने किंवा जिभेखाली देण्याचा जो उपचार आज होतो, त्याचा पाया नून यांनी घातला.

नून यांचा जन्म १८७७ चा. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सर आल्मरॉथ राइट यांचा लस विभाग तेव्हा गाजत होता. अलेक्झांडर फ्लेमिंगही तेथेच काम करीत होते. त्या विभागात नून आणि त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी रोगजंतूंऐवजी गवताच्या परागांकडे लक्ष वळविले. परागांचा हंगाम आला की कित्येकांना शिंकांनी हैराण करणारा, काहींना दम लावणारा विकार परागांमुळेच होतो, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये दाखविले होते. कारण कळले होते; उपाय नव्हता.

नून यांनी टिमोथी गवताच्या परागांचा अर्क काढला आणि प्रथम त्याचे माप ठरविले. एक सहस्रांश मिलिग्रॅम परागांतून निघेल तेवढा अर्क म्हणजे एक एकक. निरनिराळ्या पातळतेचे थेंब रुग्णाच्या डोळ्यात घालून, कितव्या थेंबाला डोळा लाल होतो यावरून ते वावड्याची तीव्रता मोजीत. मग अत्यल्प मात्रा त्वचेखाली टोचून ती क्रमाने वाढवीत. एककावाचून हिशेब नाही, हे वर्गात वर्षानुवर्षे घोकविणाऱ्या माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या डॉक्टरांविषयी आपलेपणा वाटतो, तो यामुळेच. १० जून १९११ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. योग्य मात्रेने सहनशक्ती शंभरपट वाढू शकते. मात्रा जास्त झाली किंवा घाईघाईने दिली, तर वावडे उलट बळावते, असे त्यांचे निष्कर्ष होते.

परागांत विष असते, ही त्यांची समजूत मात्र चुकीची होती. निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजणारे आयजीई हे प्रतिद्रव्य सापडण्यास १९६६-६७ साल उजाडावे लागले. सिद्धान्त चुकला, हिशेब टिकला.

जानेवारी १९१३ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, नून क्षयाने गेले. काम फ्रीमन यांनी पुढे नेले. त्याच परंपरेतील फ्रँकलंड आणि ऑगस्टिन यांनी १९५४ मध्ये रुग्णांच्या तुलनात्मक गटांवर चाचणी घेऊन परागज्वर व दमा या दोहोंत परागांतील प्रथिनांचा गुण दाखवून दिला.

नून यांनी दिलेला इशारा विसरल्याची किंमत पुढे मोजावी लागली, असेच म्हणावे लागेल. ब्रिटनमध्ये १९५७ पासून अशा इंजेक्शनांनंतर २६ मृत्यू झाल्याचे तेथील औषध-सुरक्षा समितीने १९८६ मध्ये जाहीर केले. ज्यांच्या विकाराची नोंद मिळाली, त्यांत बहुतेक दमेकरी होते. म्हणूनच आज दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णाला हा उपचार देत नाहीत, आणि नेहमीचा इनहेलर डॉक्टरांना न विचारता सोडावयाचा नसतो. उपचार तीन ते पाच वर्षे चालतो. प्रत्येक इंजेक्शनानंतर रुग्णाला निदान अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. वेळ मोडतो म्हणून कुरकुरणारे, दुसऱ्याच वर्षी उपचार सोडणारे असतातच.