कर्नल रामनाथ चोप्रा
आम्ही औषधनिर्माते गोळी देण्याआधी लेबल, बॅच क्रमांक, मुदत पाहतो. या शिस्तीमागे ज्यांचे श्रम आहेत, ते कर्नल चोप्रा फारसे कुणाला ठाऊक नाहीत. १८८२ साली गुजराँवाला येथे जन्म, केंब्रिजला शिक्षण, मग इंडियन मेडिकल सर्व्हिस. १९२१ पासून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक.

त्या काळी भेसळीची, कमी ताकदीची औषधे राजरोस विकली जात. हिवतापाच्या रोग्याच्या पुडीत क्विनाइनच पुरेसे नसेल, तर त्याने कुणाकडे दाद मागावी? औषध बनवून देणारा शिकलेला असावा, अशी देशभर सक्तीही नव्हती. १९३० मध्ये सरकारने चोप्रांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढल्याच वर्षी अहवाल आला: सर्व देशाला एक कायदा, औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळा, औषध देणाऱ्याला किमान शिक्षण.

सरकारी कामच ते! औषध कायद्याला १९४० उजाडले, फार्मसी कायद्याला १९४८. (आम्हीही सरकारी नोकर, त्यामुळे नवल वाटत नाही.) चोप्रा मात्र देशी वनस्पती पारखत राहिले, सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणामही त्यांनी तपासला. १९७३ साली ते गेले. आमच्या काउंटरमागे भिंतीवर टांगलेले नोंदणी प्रमाणपत्र त्या १९४८ च्या कायद्याखालचेच आहे.