मुसीला वाट देणारा अभियंता

सप्टेंबर उजाडला की अभियंता दिनाचे फलक लागतात आणि पुणेरी पगडीशी नाते सांगणारा म्हैसुरी फेटा बांधलेले एक छायाचित्र सर्वत्र दिसू लागते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव घेताच कृष्णराजसागर आठवतो. परंतु नदी आणि शहर यांच्या नात्याविषयी त्यांनी केलेला सर्वांत मूलगामी विचार हैदराबादच्या मुसी नदीकाठी झाला, याची आठवण क्वचितच काढली जाते.

कोलार परिसरातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे जाणकार, घरची स्थिती बेताची. त्यातच पितृछत्र लवकर हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळविली आणि म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले येऊन पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे अशा ठिकाणी त्यांनी सुमारे पाव शतक सेवा केली. महाराष्ट्राच्या नद्यांनीच हा अभियंता घडविला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या काळातील त्यांची ख्यातकीर्त कामगिरी म्हणजे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. धरणाच्या सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवावे, पण पूर आला तर धरणाला धोका पोहोचू नये, असा हा दुहेरी पेच होता. १९०३ मध्ये बसविलेल्या या दरवाजांमुळे सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट पाणी साठू लागले. पातळी त्याहून चढली की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. किती पाणी धरावे आणि केव्हा सोडावे, हाच प्रश्न पुढे हैदराबादेत अधिक उग्र रूपात त्यांच्यासमोर आला.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे जमीनदोस्त झाली. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडाने आपल्या फांद्यांवर चढलेल्या दीडशे जणांना वाचविले. ते झाड आजही त्या रात्रीची साक्ष म्हणून दाखविले जाते. विश्वेश्वरय्या त्या सुमारास मुंबई सरकारची सेवा सोडून परदेशात प्रवास करीत होते. निजाम सरकारचे बोलावणे आले आणि एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले.

त्यांनी आरंभ केला तो शहरापासून नव्हे, तर शहराच्या वरच्या पाणलोटापासून. तेथे ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे आणि तोही जाई. शहरात पोहोचला तो केवळ पावसाचा पूर नव्हता, तर फुटलेल्या तलावांचा एकवटलेला लोंढा होता. अशा पाण्याला शहरातील भिंतींच्या आधारे थोपविणे अशक्य, हे त्यांनी ओळखले. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर, शहराच्या वर, दोन मोठे जलाशय बांधावेत. पुराचा माथा तेथेच धरून ठेवावा आणि नदीच्या पात्राला पेलेल तेवढेच पाणी सोडावे, असा उपाय त्यांनी ऑक्टोबर १९०९ मध्ये सुचविला.

मात्र त्यांचा आराखडा धरणांपाशी थांबला नाही. शहरातील काठ उंचावून बांधून काढावेत आणि तेथे उद्याने व फिरण्याचे रस्ते करावेत, असेही त्यांनी मांडले. शहराच्या भुयारी मलनिःसारणाची योजनाही त्यांनी आखली. नदीतील जीवसृष्टीचा आजच्यासारखा विचार त्यात नव्हता, हे मान्य करावयास हवे. तरी पूरनियंत्रण, स्वच्छता आणि काठाचे सौंदर्य ही एकाच कामाची अंगे आहेत, ही दृष्टी त्या काळात दुर्मीळच होती.

१९१२ मध्ये हैदराबादेत नगरसुधार मंडळ स्थापन झाले. उस्मानसागर १९२० साली, तर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. विश्वेश्वरय्या तोवर म्हैसूरचे दिवाणपद भूषवून मोकळे झाले होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडून पुणे बुडविले, तेव्हा ते शंभरीच्या घरात होते. ज्या धरणावर त्यांनी आपले दरवाजे बसविले होते तेच धरण वरच्या धरणाच्या पाण्याने फुटावे, हा दैवदुर्विलासच. मुसीच्या तलावांनी शिकविलेला धडा पुण्याला पुन्हा गिरवावा लागला. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पूर रोखण्यासाठी बांधलेले ते दोन जलाशय पुढे हैदराबादची तहान भागवू लागले. पण तहानेसाठी जलाशय भरलेला हवा आणि पुरासाठी त्यात जागा रिकामी हवी. हे दोन्ही हेतू एकमेकांशी झगडतात. त्यातच खाली नदीचे पात्र सांडपाण्याने आणि बांधकामांनी आक्रसत गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा काठावरच्या वस्त्यांना त्याची झळ बसली. काठ सुशोभित करण्याच्या योजना आज आपल्याकडेही शहरोशहरी आखल्या जात आहेत. त्या आखणाऱ्यांनी मुसीचा हा इतिहास अवश्य अभ्यासावा. विश्वेश्वरय्यांनी उद्यानाची जागा ठरविली ती पुराचे पाणी कोठे सामावेल हे ठरविल्यानंतर. तो क्रम उलटा केला, तर नदी आपली जागा स्वतःच परत मागते.