दंगल पेटायच्या आधीच गावात ओळखीचा माणूस हवा, म्हणून विनोबांनी शांतिसेना उभी केली

साल १९५१. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा नकाशावर नव्हता. हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता आणि परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाची राजवट जाऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

याच हैदराबाद राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणात, रक्तपात सुरू होता. जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध कम्युनिस्टांनी शेतकऱ्यांना घेऊन सशस्त्र लढा उभारला होता. तो मोडायला सरकारने पोलीस आणि लष्कर उतरवलं होतं. जमीनदार मारले जात होते, शेतकरीही मारले जात होते. सामान्य गावकऱ्याला दोन्ही बाजूंची भीती होती.

अशा भागात एक ५५ वर्षांचा, अंगाने कृश माणूस पायी चालत आला. सोबत मोजके कार्यकर्ते, हातात शस्त्र नाही, पाठीशी कुठला पक्ष नाही. नाव विनायक नरहरी भावे. आपण त्यांना विनोबा म्हणून ओळखतो.

विनोबा म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं आणि गीता प्रवचनं आठवतात. पण गावात हिंसा होऊच नये यासाठी त्यांनी एक संघटना उभी केली होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्या संघटनेचं नाव शांतिसेना.

ती कशी उभी राहिली, कुठे चालली आणि कुठे कमी पडली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीसाठी बडोद्याला होते, त्यामुळे शिक्षण तिकडे झालं. पोरगा हुशार, गणितात पक्का, पण मन भलतीकडेच. एक दिवस आईच्या चुलीसमोर बसून त्याने आपली सर्टिफिकेटं जाळून टाकली. पुढेमागे नोकरीचा मोह व्हायला नको, हे त्यामागचं कारण.

१९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून थेट काशीला गेले. तिथे बनारस हिंदू विद्यापीठातल्या गांधीजींच्या भाषणाची चर्चा ऐकली. पत्रव्यवहार झाला आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी वर्धा-पवनारलाच आपलं घर मानलं.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. मराठी संतांच्या भजनांची निवड करून त्यांनी पुस्तकंही काढली. हिंगोलीजवळच्या नरसीचे म्हणून आपण ज्यांना मानतो, त्या संत नामदेवांची भजनंही त्यात आहेत. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांनाच निवडलं. तोपर्यंत देशात फार थोड्या लोकांना हे नाव माहीत होतं.

आता शांतिसेनेच्या मूळ कल्पनेकडे येऊ. ही कल्पना गांधीजींची.

दंगल झाली की पोलीस येतात, लष्कर येतं, पण तोवर घरं जळालेली असतात. त्यापेक्षा गावागावांत अशी माणसं असावीत ज्यांच्यावर सगळ्या जातीधर्मांचे लोक विश्वास ठेवतात आणि जी वेळ आल्यावर मध्ये उभी राहतील, असं गांधीजी १९३८ च्या सुमारास लिहीत होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला कार्यकर्त्यांची बैठक घेऊन पुढचा विचार करायचं ठरलं होतं. पण ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली.

त्यानंतर विनोबा पवनारमधून बाहेर पडले. फाळणीत उद्ध्वस्त झालेल्या निर्वासितांमध्ये त्यांनी काम केलं. दिल्लीजवळच्या मेवात भागात घरदार सोडायची वेळ आलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा त्यांच्या गावी वसवण्यासाठी खटपट केली. दंगल झाल्यानंतरचं काम किती कठीण असतं, ते त्यांनी जवळून पाहिलं.

मग आलं १९५१. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा वर्ध्याहून तिथे पायी गेले. संमेलन संपल्यावर १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, त्यांनी तेलंगणाची वाट धरली. त्याआधी तुरुंगात असलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनाही ते भेटले.

१८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला पोहोचले. तिथल्या ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांच्या डोक्यात आधी सरकारकडे अर्ज करायचा विचार होता. पण मग त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं, की तुमच्यापैकी कुणी काही करू शकतं का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर द्यायची तयारी दाखवली.

भूदान इथून सुरू झालं. तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. पुढची १३ वर्षं विनोबा देशभर चालत राहिले.

पण पोचमपल्लीत विनोबांनी जे पाहिलं ते फक्त जमिनीपुरतं नव्हतं. बंदूक हे भांडणाचं शेवटचं टोक असतं. सुरुवात पोटातल्या भुकेपासून आणि मनातल्या अविश्वासापासून होते. तिथे आधी पोहोचलं तर पुढचं टळू शकतं. शांतिसेना याच हिशोबावर उभी राहिली.

ऑगस्ट १९५७ मध्ये केरळच्या पदयात्रेत विनोबांनी शांतिसेनेची घोषणा केली. सुरुवातीला फक्त ८ जण पुढे आले. केरळातले ज्येष्ठ गांधीवादी नेते के. केळप्पन यांनी नेतृत्व स्वीकारलं आणि त्यासाठी पक्षाचं राजकारण सोडलं.

पक्ष सोडणं ही अटच होती. कारण साधं आहे. गावात दोन गट भांडत असताना एका गटाचा झेंडा खांद्यावर असलेला माणूस मध्ये पडला, तर भांडण मिटत नाही, वाढतं. शिवाय सत्य आणि अहिंसा पाळायची, जातधर्माचा भेद मानायचा नाही आणि वेळ पडली तर जिवाची जोखीम घ्यायची, हेही शांतिसैनिकाला मान्य करावं लागे.

मग रोजचं काम काय? तर गावातली सेवा. विनोबांच्या मते शांतिसैनिकाचं बहुतेक काम दंगल नसतानाचं होतं. आजारी माणसाला दवाखान्यात नेणं, जमिनीचा वाद मिटवणं, सफाई, शाळा आणि प्रत्येक घरी जाणं-येणं. ज्याला आपण रोज ओळखतो त्याचंच ऐकतो. दंगलीच्या दिवशी अचानक आलेल्या पाहुण्याचं कुणी ऐकत नाही.

पैशाचा प्रश्न त्यांनी वेगळ्याच पद्धतीने सोडवायचा ठरवला. प्रत्येक घरात एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलाच्या हाताने त्यात रोज मूठभर धान्य टाकायचं. याला सर्वोदय-पात्र म्हणत. धान्य थोडंच जमायचं, पण ते देणाऱ्या घराची शांतिसैनिकाला संमती आहे, हे त्यातून कळायचं. ज्या घराने मूठ टाकली ते घर आपण होऊन दंगलीत उतरणार नाही, अशी अपेक्षा होती.

आणि हिशोब होता दर ५ हजार लोकांमागे एक शांतिसैनिक. तेव्हाच्या लोकसंख्येप्रमाणे देशाला ७० हजार लागणार होते. प्रत्यक्षात हा आकडा कधीच गाठला गेला नाही. १९६० च्या दशकात संख्या काही हजारांवरच राहिली.

याच काळात विनोबांच्या पद्धतीची मोठी परीक्षा झाली ती चंबळच्या खोऱ्यात.

चंबळचा प्रसिद्ध दरोडेखोर मानसिंग १९५५ मध्ये मारला गेला होता. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. मरण्याआधी विनोबांची भेट व्हावी, असा निरोप त्याने पाठवला. विनोबा तेव्हा काश्मीरकडे होते. त्यांनी आपले सहकारी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना पुढे पाठवलं आणि मे १९६० मध्ये स्वतः चंबळला पोहोचले.

तिथे ते गावोगाव फिरले. माफी मिळवून देण्याचं आश्वासन त्यांनी कुणालाच दिलं नाही. शस्त्र खाली ठेवा, केलेल्याची शिक्षा भोगा, तुमच्या बायकामुलांची काळजी समाज घेईल, एवढंच ते सांगत. काही दिवसांत लुक्का म्हणजे लोकमन दीक्षित याच्यासह सुमारे २० जणांनी बंदुका आणून त्यांच्यासमोर ठेवल्या.

देशभर बातमी झाली, तशी टीकाही झाली. मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख रुस्तमजी यांना हा प्रकार पटला नव्हता. दरोडेखोरांना अशी प्रतिष्ठा मिळाली तर त्यांच्याशी लढताना जीव गमावलेल्या पोलिसांचं काय, हा प्रश्न रास्तच होता. ज्यांची माणसं मारली गेली त्या कुटुंबांचाही प्रश्न होता. शरण आलेल्यांवर खटले चालले. त्यांच्या बचावाचं आणि कुटुंबांचं काम पाहायला कार्यकर्त्यांनी चंबळ घाटी शांती समिती स्थापन केली. तहसीलदारसिंगची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली.

विनोबा पुढच्या यात्रेला निघून गेले, पण कार्यकर्ते खोऱ्यात टिकून राहिले. म्हणूनच १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शेकडो दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली तेव्हा विश्वासाची जमीन आधीच तयार होती.

शांतिसेनेचा रोजचा कारभारही हळूहळू जयप्रकाश आणि नारायण देसाई यांच्याकडे गेला. नारायण देसाई म्हणजे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे चिरंजीव. १९६९ मध्ये अहमदाबादेत भीषण दंगल झाली तेव्हा शांतिसैनिक तिथे गेले. अफवा खोडून काढणं, छावण्यांमधल्या लोकांना धीर देणं, त्यांना परत आपल्या वस्तीत जाता यावं म्हणून शेजाऱ्यांशी बोलणं, हे त्यांचं काम होतं. तरुणांसाठी तरुण शांतिसेना निघाली आणि महाराष्ट्रातली अनेक मुलं-मुली त्यातून सामाजिक कामात आली. भारताबाहेरही या कल्पनेचा माग लागतो. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल या संस्थेच्या उभारणीत नारायण देसाईंचा सहभाग होता.

मग ही संघटना गेली कुठे?

एक कारण म्हणजे पाठपुरावा. विनोबा पुढच्या गावी जात आणि मागे काम करणारी माणसं अपुरी पडत. भूदानातही हेच झालं. देशभरात ४० लाख एकरांहून जास्त जमीन जाहीर झाली, पण त्यातली बरीचशी वाटलीच गेली नाही. काही जमीन तर कसण्यालायकच नव्हती.

दुसरं कारण राजकारण. १९७४ मध्ये जयप्रकाश बिहारच्या आंदोलनात उतरले. विनोबांना सरकारशी असा संघर्ष मान्य नव्हता. सर्वोदयाचे कार्यकर्ते दोघांमध्ये विभागले गेले. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा विनोबा वर्षभराच्या मौनात होते. त्यांच्या नावाने आणीबाणीला अनुशासन पर्व म्हटलं गेलं आणि अनेक जुने सहकारी दुखावले. ज्या संघटनेचा पाया सगळ्यांचा विश्वास हा होता, तिच्यात आपसातच विश्वास उरला नाही. शांतिसेना त्यानंतर विरत गेली.

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबा आजारी पडले. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारला देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा गावातला वाद गावातच मिटवायचा, हाच विचार त्यामागे होता. फरक एवढाच की ती मोहीम सरकारी होती आणि गावाला बक्षीस मिळायचं. विनोबांचा शांतिसैनिक मात्र लोकांच्या मूठभर धान्यावर चालणार होता.

आता त्यांचा हिशोब हिंगोलीला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. दर ५ हजारांमागे एक म्हणजे अख्ख्या जिल्ह्यासाठी सुमारे २३५ माणसं. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत वाटली तर प्रत्येकी ४७.

एका तालुक्यात ४७ माणसं, जी कुठल्याच पक्षाची नाहीत, ज्यांना सगळ्या वस्त्या ओळखतात आणि मोबाईलवर एखादी अफवा फिरायला लागली की जी दोन्हीकडच्या घरी जाऊन बसू शकतात. विनोबांना देशात अशी ७० हजार माणसं मिळाली नाहीत. आपल्या तालुक्यातली ४७ नावं आपण सांगू शकतो का, हे ज्याचं त्याने मोजून बघावं.