शिक्षकांच्या शिक्षिका : एला फ्लॅग यंग

शाळेचे यश शिक्षकावर अवलंबून असते, हे सर्वमान्य आहे. परंतु शेकडो शाळांचा कारभार ज्याच्या हाती असतो, त्याने केवळ इमारती, हिशेब आणि नेमणुका पाहाव्यात, की अध्यापनाचेही नेतृत्व करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यातून देणाऱ्या एक विदुषी अमेरिकेतील शिकागो शहरात होऊन गेल्या. त्यांचे नाव एला फ्लॅग यंग. शहराच्या सर्व सार्वजनिक शाळांच्या प्रमुखास तिकडे सुपरिंटेंडंट, म्हणजेच अधीक्षक म्हणतात. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहरात हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

एला यांचा जन्म १५ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे एका कारागिराच्या घरी झाला. प्रकृती नाजूक असल्याने बालपणी त्यांना शाळेत घातले गेले नाही. वाचन त्या घरीच शिकल्या. पुढे कुटुंब शिकागोस आले. तेथील अध्यापक विद्यालयातून १८६२ साली उत्तीर्ण होऊन वयाच्या सतराव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या. १८६५ साली भावी शिक्षकांसाठी काढलेल्या सराव शाळेची धुरा त्यांच्याकडे आली. १८६८ साली त्यांचा विवाह झाला; परंतु १८७३ साली पतीचे निधन झाले. त्यानंतर अध्यापन हेच त्यांचे जीवन बनले.

मुख्याध्यापिका म्हणून अनुभव घेतल्यावर १८८७ साली त्या साहाय्यक अधीक्षक झाल्या. या अधिकारपदावर असतानाच, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. १८९५ साली शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या अभ्यासवर्गात त्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. ड्यूई वयाने त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान होते. त्यांनी ड्यूईंकडून तत्त्वज्ञान घेतले आणि ड्यूईंना शाळेतील तीन दशकांचा अनुभव दिला. शाळेच्या व्यवहाराविषयीचे आपले विचार घडविण्यात यंगबाईंचा मोठा वाटा असल्याचे ड्यूईंनीही पुढे मान्य केले.

सर्व निर्णय वरून लादणाऱ्या कारभाराशी न पटल्याने १८९९ साली त्यांनी साहाय्यक अधीक्षकपदाचा राजीनामा दिला. १९०० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. शाळेतील अलगपणा हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. अधिकारी आज्ञा करणार आणि शिक्षक ती निमूटपणे पाळणार, अशा व्यवस्थेत शिक्षकाचे यंत्र होते. आणि जो स्वतः विचार करू शकत नाही, तो मुलांना विचार करावयास कसा शिकविणार, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्यावर उपाय म्हणून शिक्षकांना मोकळेपणाने विचारविनिमय करता येईल अशी शिक्षक मंडळे त्यांनी सुचविली. १९०५ पासून त्याच जुन्या अध्यापक विद्यालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनी शिक्षक घडविले.

१९०९ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्या शिकागोच्या अधीक्षक झाल्या. विद्यार्थिसंख्या तीन लाखांच्या जवळपास होती. आपला प्रबंध कृतीत आणण्याची संधी आता त्यांना मिळाली. शिक्षक मंडळांना त्यांनी शाळेच्या वेळेतच बैठका घेऊ दिल्या. शिक्षकांची वेतनवाढ आणि व्यावसायिक शिक्षण यांकडेही त्यांनी लक्ष दिले. १९१० साली राष्ट्रीय शिक्षण संघटनेने त्यांना आपल्या पहिल्या महिला अध्यक्ष म्हणून निवडले.

मात्र हा मार्ग निष्कंटक नव्हता. शहराच्या शिक्षण मंडळातील काही सदस्यांशी त्यांचे सातत्याने मतभेद होत. डिसेंबर १९१३ मध्ये मंडळाने त्यांना डावलून त्यांच्या हाताखालील साहाय्यकास अधीक्षक नेमले. तेव्हा शिकागोतील महिला, समाजसेविका जेन ॲडम्स यांच्यासह, निषेधार्थ एकत्र आल्या. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात महिलांना अंशतः मताधिकार मिळाला होता. त्यामुळे या आवाजास वजन होते. महापौरांनी मंडळात बदल केले आणि त्याच महिन्यात यंगबाई सन्मानाने पदावर परतल्या. १९१५ च्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धकर्जाच्या प्रचारकार्यात असताना इन्फ्लुएंझाच्या साथीत २६ ऑक्टोबर १९१८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

शाळेच्या वेळेतील त्या बैठका नंतरच्या एका अधीक्षकांनी १९२४ साली बंद केल्या. प्रमुखाच्या दृष्टीवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे यावरून ध्यानी येते. आज अमेरिकेतील अनेक राज्यांत अधीक्षकपदासाठी स्वतंत्र प्रशिक्षण व परवाना आवश्यक असतो आणि अधीक्षकाने अध्यापनाचे नेतृत्व करावे, असा आग्रह धरला जातो. यंगबाईंनी हे शतकापूर्वीच आचरून दाखविले. अधिकारपदावर असतानाही त्या विद्यार्थिनीच्या बाकावर बसल्या, आणि अधिकार हाती येताच त्यांनी शिक्षकांचे म्हणणे ऐकून घेतले. संस्था चालविण्याची जबाबदारी ज्यांनी शिरावर घेतली आहे, त्या सर्वांना हा वस्तुपाठ आजही मार्गदर्शक ठरावा.